पोकळ नळ्या, जुनी लेन्स आणि लिंबावरचं अंडं

नागपुरात आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरामागे लिंबाचं झाड आहे. ऑगस्टमधल्या एका सकाळी त्याच्या कोवळ्या पानावर एक फिकट पिवळा दाणा दिसला. लाइम बटरफ्लायचं अंडं होतं ते, व्यास जेमतेम 1 मिलीमीटर. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते, त्यामुळे बारीक वस्तू मोठी करून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण हे अंडं तोडून काचपट्टीवर ठेवायचं नव्हतं, झाडावर असतानाच पाहायचं होतं. हाताशी होता जुना कॅनन 700डी कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली 18-55 ची किट लेन्स आणि 50 मिलीमीटर एफ/1.8 एसटीएम. मॅक्रो लेन्सच्या, म्हणजे बारीक वस्तू मोठी टिपणाऱ्या लेन्सच्या किमती पाहिल्या आणि तो विचार तिथेच सोडला. आज दोन वर्षं झाली, माझं सगळं मॅक्रोचं काम 1,900 रुपयांच्या तीन पोकळ नळ्यांवर चालतं. त्या कशा वापरायच्या ते नीट सांगते, कारण सुरुवातीला मला कुणी सांगितलं असतं तर ते पहिलं अंडं हातचं गेलं नसतं.

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी नळी. आत काच नसते, नुसती हवा. ती लेन्सला सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्यात फोटो टिपणाऱ्या चकतीपासून दूर नेते, आणि लेन्स सेन्सरपासून जितकी दूर जाते तितकी ती समोरच्या वस्तूच्या जवळ जाऊन फोकस करू शकते. मधे काच नसल्यामुळे काच खराब निघायचा प्रश्नच नाही. स्वस्त ट्यूब आणि महाग ट्यूब यांच्या आतली हवा सारखीच. फरक असतो तो धातूच्या पकडीत आणि विजेच्या संपर्कबिंदूंमध्ये. ट्यूब लावलेली असताना लांबचं काहीच फोकस होत नाही, म्हणून समोरून मोर गेला तरी त्याचा फोटो विसरायचा.

किती मोठं दिसेल याचा हिशोब सोपा आहे. ट्यूबच्या लांबीला लेन्सच्या फोकल लेंग्थने (लेन्सवरचा मिलीमीटरचा आकडा) भागा आणि लेन्स मुळात जितकं मोठं दाखवते ते त्यात मिळवा. माझी 50 ची लेन्स नुसती असताना 0.21 पट दाखवते. 36 मिलीमीटरची ट्यूब लावली की 36 भागिले 50 म्हणजे 0.72, त्यात 0.21 मिळवले की 0.93. म्हणजे वस्तू सेन्सरवर जवळजवळ तिच्या खऱ्या आकाराची, एकास-एक, उमटते. माझ्या संचात 12, 20 आणि 36 मिलीमीटरच्या ट्यूब आहेत. तिन्ही एकावर एक चढवल्या की 68 मिलीमीटर होतात आणि गणित 1.57 पर्यंत जातं.

हिशोबावर विसंबू नका, पट्टीने तपासा. शाळेची प्लास्टिकची पट्टी टेबलावर आडवी ठेवा, फोकस करून फोटो काढा आणि चौकटीत आडवे किती मिलीमीटर मावले ते मोजा. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर 22.3 मिलीमीटर रुंद आहे. 12 च्या ट्यूबने साधारण 50 मिलीमीटर दिसतात, 20 च्या ट्यूबने 36 च्या आसपास, 36 च्या ट्यूबने 24 आणि तिन्ही लावल्यावर 14. हे आकडे मी ट्यूबच्या डबीच्या झाकणावर कागद चिकटवून लिहून ठेवलेत. फुलपाखरू दिसलं की 12 ची, मुंगी दिसली की 36 ची, हे आता विचार न करता हात करतात.

उलटा नियमही त्या भागाकारातच आहे. लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितका ट्यूबचा परिणाम कमी. 55-250 वर 36 ची ट्यूब लावली तर मोठेपणा थोडासाच वाढतो, पण अंतर भरपूर मिळतं. फुटाळा तलावाच्या काठावर काडीवर बसलेला चतुर हातभर अंतरावरूनही उडून जातो, त्याच्यासाठी हीच जोडी बरी. आणि रुंद लेन्सवर ट्यूब निरुपयोगी ठरते: 18 मिलीमीटरवर 36 ची ट्यूब लावलीत तर फोकसचा बिंदू लेन्सच्या काचेच्या आतच जाऊन पडतो. किट लेन्स वापरणार असाल तर ती 55 वर नेऊन फक्त 12 ची ट्यूब लावा. सुरुवातीला तेवढं पुरेसं आहे, आणि 50 ची लेन्स वेगळी घ्यावी लागत नाही.

आता खरेदी. माझी चूक इथे झाली. सीताबर्डीच्या एका दुकानात मी ट्यूब मागितली, दुकानदाराने साडेतीनशे रुपयांची एक पुढे केली आणि "सगळ्या सारख्याच असतात मॅडम" म्हणाला. तिच्या आत संपर्कबिंदू नव्हते. कॅननच्या लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, कॅमेऱ्याच्या विजेवर चालतं; एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं. वीज पोहोचली नाही की लेन्स पूर्ण उघडी राहते, म्हणजे एफ/1.8 वर. शिवाय एसटीएम लेन्सची फोकस रिंगसुद्धा विजेवर चालते, त्यामुळे ती फिरवून काहीच होत नाही. एफ/1.8 वर एकास-एक आकाराला नीट फोकसमध्ये राहणारा थर असतो साधारण 0.15 मिलीमीटर. 1 मिलीमीटरच्या अंड्याचा एक ठिपका तेवढा स्वच्छ आणि बाकी सगळं धुकं. मी तीन सकाळी त्यातच घालवल्या, आणि चौथ्या दिवशी पानावर अंडं नव्हतं, अळी बाहेर पडून गेली होती.

तुमच्याकडे अशी साधी ट्यूब आलेली असलीच तर एक वाट आहे. लेन्स आधी थेट कॅमेऱ्यावर लावा, ॲपर्चर एफ/8 ठेवा, कॅमेऱ्यावरचं डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि तसंच दाबलेलं ठेवून लेन्स काढा. ॲपर्चरच्या पाकळ्या एफ/8 वरच अडकून राहतात. मग ती लेन्स ट्यूबवर चढवा. व्ह्यूफाइंडर काळोखा होतो, पण काम निघतं. निकॉनवाल्यांची अडचण उलटी असते: ॲपर्चर रिंग नसलेली जी मालिकेतली लेन्स साध्या ट्यूबवर पूर्ण बंद होऊन बसते. त्यांच्याकडे रिंगवाली जुनी डी मालिकेतली लेन्स असेल तर ती सोन्यासारखी जपा.

पण खरं सांगायचं तर दीडेक हजार जास्त द्या आणि संपर्कबिंदू असलेलीच ट्यूब घ्या. दुकानात विचारायचं ते इतकंच: आत दोन्ही बाजूंना पितळी ठिपके आहेत का, पकड धातूची आहे का, आणि कॅननसाठी घेत असाल तर ईएफ-एस लेन्स (18-55 ची किट लेन्स याच प्रकारची) बसते का. ईएफ-एस लेन्सचा पांढरा चौकोन सगळ्या ट्यूबवर नसतो, आणि तो नसला तर किट लेन्स बसणारच नाही. तिथेच कॅमेऱ्याला लावून बघा. ॲपर्चरचा आकडा 00 दिसला तर वीज पोहोचत नाहीये. मिररलेस कॅमेऱ्यांसाठी बहुतेक 10 आणि 16 मिलीमीटरची जोडी मिळते, तिथेही हेच तपासायचं.

लेन्स आणि ट्यूब घरातच जोडा. एप्रिल-मेमध्ये नागपुरात जी गरम वाऱ्याबरोबर धूळ उडते, तिच्यात उघडा कॅमेरा धरणं म्हणजे सेन्सरवर माती पेरणं. मी पंखा बंद करते, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरते आणि मगच नळी बसवते.

फोकसची गोष्ट मात्र सावकाश वाचा. मायक्रोस्कोपमध्ये काचपट्टी खाली-वर होते, म्हणजे आपण अंतर बदलतो, भिंग नाही. ट्यूब लावल्यावर कॅमेऱ्याचंही तसंच होतं. ऑटोफोकस पुढे-मागे घरघरत राहतो, आणि रिंग फिरवून फारसा फरक पडत नाही. ऑटोफोकस बंद करा. रिंग एका जागी ठेवून द्या. मग स्वतः पुढे-मागे व्हा, एक-दोन मिलीमीटरच्या हिशोबाने. डावी कोपर बरगडीला टेकवा, डाव्या हाताची करंगळी पानाच्या काडीला किंवा जमिनीला टेकवा, श्वास सोडा आणि हळूच पुढे झुका. डोळा स्वच्छ दिसायच्या क्षणाच्या किंचित आधी बोट दाबायला सुरुवात करा. दहा फोटोंत दोन नीट येतात, आणि तेवढे येणं चांगलं आहे. टेबलावरची न हलणारी वस्तू असेल तर तिपाईवर कॅमेरा लावून लाइव्ह व्ह्यू 10 पट मोठा करा आणि कॅमेऱ्याऐवजी वस्तूच सरकवा. मी त्यासाठी वस्तू एका वहीवर ठेवते आणि वही बोटाने ढकलते.

थर पातळ असतो म्हणून ॲपर्चर बंद करायची इच्छा होते. एफ/8 वर 36 च्या ट्यूबला साधारण पाऊण मिलीमीटरचा थर मिळतो, एफ/11 वर थोडा जास्त. त्यापुढे जाऊ नका. ट्यूबमुळे प्रत्यक्ष ॲपर्चर कॅमेऱ्यात दिसतं त्याहून बंद असतं, एकास-एक आकाराला जवळजवळ दुप्पट आकड्याचं. कॅमेरा 16 दाखवत असेल तर लेन्स 32 सारखी वागते, आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ होतो. तिन्ही ट्यूब लावल्या असतील तर मी एफ/5.6 ते 8 मध्येच राहते. पातळ थरावर खरा उपाय कोनाचा आहे. फुलपाखराचे मिटलेले पंख सेन्सरला अगदी समांतर धरलेत तर एफ/8 वरही पंखावरचा खवला न् खवला दिसतो. तोंड समोरून घेत असाल तर फक्त डोळे सांभाळा, बाकीचं धूसर झालेलं चालतं.

आणि आता प्रकाश, कारण सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवलाय. एकास-एक आकाराला सेन्सरवर प्रकाश चौथाईच उरतो. वर तुमची लेन्स वस्तूपासून वीतभरही लांब नसते, म्हणून तिची सावली वस्तूवर पडते. कॅमेऱ्यातला फ्लॅश उघडलात तर लांब झालेल्या नळीची सावली खाली अर्धचंद्रासारखी येते. मी नव्या भांड्याच्या खोक्यातली पातळ पांढरी फोमशीट घेतली, ए-4 कागदाएवढी कापली, मधे लेन्सच्या तोंडाएवढं गोल भोक पाडलं आणि ती लेन्सवर अडकवली. कॅमेऱ्यातला फ्लॅश आता त्या शीटवर आदळतो आणि शीट वरून मोठ्या पांढऱ्या छतासारखी उजळते. नळीची सावली गेली, किड्याच्या पाठीवरचा पांढरा चकाकता ठिपका गेला. फोम नसेल तर संक्रांतीच्या पतंगांचा पांढरा कागद दोन पदरी लावा, तोही चालतो.

माझी ठरलेली मांडणी: मॅन्युअल मोड, शटर 1/200 सेकंद, एफ/8, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) 200, फ्लॅश ऑटोवर. फोटो उजळ आला तर फ्लॅशची भरपाई, म्हणजे त्याचा जोर, एक पायरी खाली. 1/200 असल्यामुळे आजूबाजूचा उजेड जवळजवळ उमटतच नाही. उमटतो तो फ्लॅश, आणि तो इतका क्षणिक असतो की हाताची थरथर दिसत नाही. यात मागचं सगळं काळं पडतं. काळं नको असेल तर किड्याच्या मागे वीतभर अंतरावर एखादं हिरवं पान धरा, फ्लॅश त्याच्यावरही पडतो. फ्लॅश नकोच असेल तर सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या तासात जा, आयएसओ 800 ते 1600 आणि 1/250.

सराव बाहेर करू नका, स्वयंपाकघरात करा. हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या मंडीत आली की एक घ्या आणि साल समोर ठेवा. 36 ची ट्यूब लावून सालीकडे पाहिलंत तर तेलाच्या ग्रंथी दिसतात, पिवळसर काचेच्या गोट्या एकमेकींना चिकटून बसाव्यात तशा. साल पातळ कापून खिडकीच्या उजेडासमोर धरली की त्या आतून पेटल्यासारख्या होतात. एक फोड सोलून तिच्या आतले रसाचे थेंबथेंब पिशव्यांसारखे दाणे घ्या. कोन कसा बदलायचा, थर कुठे संपतो, श्वास कधी धरायचा, हे सगळं तासाभरात हाताला कळतं, आणि संत्रं कुठे उडून जात नाही. कूलर चालू असेल तर तो आधी बंद करा. त्या वाऱ्याने पाकळी हलते आणि तुम्ही फोकसला दोष देत बसता.

एकाच चौकटीत सगळी वस्तू स्वच्छ हवी असेल तर कॅमेरा तिपाईवर ठेवून वही अर्ध्या मिलीमीटरने सरकवत दहा-बारा फोटो काढा आणि ह्यूगिन या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रामबरोबर येणारी एनफ्यूजची सोय वापरून ते जोडा. सालीसाठी छान जमतं. जिवंत किड्यासाठी माझा अनुभव फारसा चांगला नाही.

बाहेर जायचं तर नागपूरचा उन्हाळा सोडून द्या. पारा 45 च्या वर गेला की किडे सापडत नाहीत आणि आपणही टिकत नाही. पहिला पाऊस पडला की मात्र मोकळ्या मैदानात मिरगाचा किडा निघतो, लाल मखमलीचा. तो कीटक नाही, आठ पायांचा माइट आहे. त्याचा लाल रंग कॅमेऱ्याला झेपत नाही, सगळा एकसारखा डाग होतो, म्हणून मुद्दाम दोन-तृतीयांश पायरी कमी उजेडात घ्या. मग मखमलीचा केस न् केस सुटा दिसतो. त्याला उचलून घरी आणू नका, जमिनीवर पोट टेकवा. 700डीचा फिरणारा स्क्रीन इथे कामी येतो.

ऑक्टोबर ते जानेवारी हा माझा खरा हंगाम. अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात किंवा सेमिनरी हिल्सच्या झुडपांत सकाळी लवकर गेलं की गारठ्याने किडे सुस्त असतात आणि पंखांवर दव असतं. ऊन चढलं की संपलं. गवतात बसण्याआधी काठीने गवत हलवा आणि बूट घाला, पावसाळ्यात तर विसरूच नका, साप असतात. किड्याला फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करायची युक्ती काही जण सांगतात. मी ती कधीच केली नाही आणि तुम्हीही करू नका. पहाटेचा गारवा तेच काम करतो, आणि नंतर तो जीव आपल्या वाटेने जातो.

ती संधी मला नोव्हेंबरात पुन्हा मिळाली. त्याच झाडावर, शेंड्याच्या तांबूस पानावर दुसरं अंडं. या वेळी ट्यूब नीट होत्या. रोज सकाळी लॅबला जाण्याआधी एक फोटो, तिन्ही ट्यूब, एफ/8, फोमशीट. पहिले दोन दिवस ते लोण्याच्या थेंबासारखं होतं. चौथ्या दिवशी वर राखाडी छटा आली आणि आत काळसर गुंडाळी दिसू लागली. काटोलला मामांच्या संत्राबागेत या अळ्या वेचून टाकतात, कारण रोपवाटिकेतली कोवळी पानं त्या दोन दिवसांत फस्त करतात. मला हे माहीत होतं, तरी पाचव्या दिवशी मी लॅबमध्ये दोन तास उशिरा येणार म्हणून कळवलं.

पान हलत होतं. मी काडीला कपड्याचा चिमटा लावला आणि चिमटा बांबूच्या कामटीला बांधला. शेजारचा दहा वर्षांचा मुलगा कुंपणावरून डोकावला.

"काय पाहून राहिल्या काकू?"

"अंडं. ये, शीट धर."

तो आला. अंड्याच्या टोकाला एक काळी चीर पडली होती. मग चीर रुंद झाली आणि त्यातून डोकं आलं, केसाळ, तपकिरी, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. मी 1.57 पटीवर होते आणि थर होता जेमतेम 0.3 मिलीमीटर, म्हणून रिंगला हात न लावता फक्त खांदा पुढे-मागे करत चाळीसेक फोटो घेतले. अळी पूर्ण बाहेर आली, थोडी थांबली, वळली आणि आपलंच रिकामं कवच खायला लागली. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर कवचाच्या कडेला तिच्या जबड्यांनी पाडलेले बारीक चावे स्वच्छ होते.

"काकू, मला पण पाहू द्या ना."

"पाह, पण शीट हलू देऊ नको. अजून अर्धं कवच राहिलं आहे."